क्रोटन लावायचंय? माझी दोन मेली, तिसरं जगलं, त्यातून शिकलेलं सगळं

पहिलं क्रोटन मी टीव्हीशेजारी ठेवलं होतं. लाल-पिवळ्या पानांचं, गुटगुटीत, कोपऱ्यात काय शोभून दिसत होतं. दीड महिन्यात त्याची झाली एक काठी आणि वर तीन पानं, तीही हिरवीगार, रंगाचा पत्ता नाही. दुसरं आणलं ते बाल्कनीत ठेवलं आणि पानं गळायला लागली म्हणून घाबरून सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, ते मुळापासून कुजलं. तिसरं आता पाच वर्षांचं आहे, अडीच फुटांवर रोखून धरलंय, आणि त्याच्या गुट्या (झाडावरच फांदीला मुळं आणून कापलेली रोपं) मी सहा जणांना दिल्यात.

दर वेळी कोणीतरी विचारतं की माझ्याकडे का जगत नाही, आणि मी दर वेळी तेच तेच सांगते, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी पुण्यात राहते, पूर्वेची बाल्कनी आहे, तेव्हा सांगतेय ते तिथल्या अनुभवावरून. कोकण, विदर्भाचं वेगळं जिथे आहे तिथे सांगेन.

१. आधी हे झाड काय आहे ते बघून घ्या

आपण ज्याला क्रोटन म्हणतो ते शास्त्राच्या भाषेत कोडिएम व्हेरिगेटम. लिनियसने १७५३ मध्ये ह्याला क्रोटनच्या कुळीत घातलं होतं, पुढे ते वेगळं काढलं पण नाव काही सुटलं नाही. खऱ्या क्रोटनच्या कुळीत आपला जमालगोटा येतो, त्यामुळे नर्सरीत "क्रोटन द्या" म्हटल्यावर जमालगोटा मिळत नाही हे नशीबच आपलं. दोघंही एरंडाच्या घराण्यातले.

मूळ गाव मलेशिया, इंडोनेशिया, पॅसिफिकमधली बेटं, ऑस्ट्रेलियाचा उत्तरेकडचा भाग. म्हणजे गरम, दमट, भरपूर उजेड, थंडी नाही. एवढं डोक्यात ठेवलं तरी पुढचं बरंचसं आपोआप कळतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात हे कुंपणाला लावलेलं दिसतं, कोणी ढुंकूनही बघत नाही तरी रंग भडक असतो, कारण तिथली हवाच त्याच्या माहेरची. आपल्याकडे पुण्या-नाशकात कोरडी हवा आणि हिवाळा असल्यामुळे जरा लक्ष द्यावं लागतं.

सदाहरित आहे, म्हणजे बारा महिने पानं असतात. जमिनीत सोडलं तर डोक्याच्या वर जातं, कुंडीत आणि छाटणीत ठेवलं तर दोन-तीन फुटांचं झुडूप राहतं.

२. जागा आधी ठरवा, झाड नंतर आणा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते आणि मीही इथेच आपटले. दुकानात "इनडोअर प्लांट" म्हणून विकतात, आपण आणतो आणि सोफ्यामागे ठेवतो. पानांत लाल-केशरी-पिवळी रंगद्रव्यं असतात ती उजेडावर खुलतात, उजेड कमी झाला की नवीन पानं जास्तीत जास्त हिरवी यायला लागतात कारण झाडाला तेव्हा अन्न बनवायची घाई असते, रंग नंतर. म्हणजे घरात ठेवलेलं क्रोटन हिरवं पडलं की "जात हलकी दिली" म्हणून नर्सरीवाल्याला दोष देऊ नका, जागा बघा.

किती ऊन? सकाळचं थेट ऊन तीन-चार तास, आणि बाकी दिवसभर चांगला उजेड. पूर्वेची बाल्कनी म्हणजे लॉटरी. पश्चिमेची असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन ते पाच जाळीखाली ठेवावं लागतं, नाहीतर पानांवर तपकिरी डाग पडतात, कागद जळतो तसे. दक्षिणेला चालतं. उत्तरेची असेल तर सरळ सांगते, गडद लाल जातींच्या नादी लागू नका, गोल्ड डस्ट घ्या. त्याची पानं हिरवी आणि वर पिवळ्या रंगाचे शिंतोडे, ते कमी उन्हात बाकीच्यांपेक्षा बरं टिकतं. विदर्भ, मराठवाड्यात उन्हाळाभर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लागतेच. कोकणात आणि मुंबईत पूर्ण उन्हात ठेवलं तरी मजेत असतं, फक्त हळूहळू सवय लावायची.

एक छोटी परीक्षा सांगते. ठरवलेल्या जागी दुपारी बाराला हात धरा आणि फरशीवर सावली बघा. कडा स्पष्ट दिसल्या तर जागा उत्तम, अंधुक दिसल्या तर चालेल, सावली पडतच नाही असं असेल तर ती जागा मनी प्लांटसाठी ठेवा.

आणि एकदा जागा ठरली की रोज फिरवायचं नाही. ह्या झाडाला हलवलेलं अजिबात आवडत नाही. पाहुणे आले की हॉलमध्ये, गेले की बाल्कनीत, असं केलंत तर पानं गाळून दाखवेल. एसीच्या झोतात किंवा फॅनखालीही नको. वाऱ्याच्या बाराव्या मजल्यावर असाल तर कुंडी कठड्याच्या आड ठेवा.

३. नर्सरीत काय बघायचं

पुण्याजवळ सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या बाजूला नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, सोलापूर रस्त्यानेच गेलात तर गाडी थांबवाविशी वाटते. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनातही स्टॉल असतात, तिथे जाती शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसतात. पण हवा थंड असते तेव्हा आणि थंडीत झाड बस्तान बसवायला वेळ घेतं, म्हणून तिथे नुसती बघून ठेवा आणि जूनमध्ये खरेदी करा. पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले की आणलेलं रोप सगळ्यात लवकर सावरतं.

जाती शेकड्यांनी आहेत, नावं नर्सरीप्रमाणे बदलतात त्यामुळे नावापेक्षा पान दाखवून मागा. लहान आटोपशीर झुडूप हवं असेल तर मॅमी (पिळवटलेली लांब पानं, लाल-पिवळा-हिरवा), बनाना (बारीक, पिवळी-हिरवी), गोल्ड डस्ट, झांझिबार (गवतासारखी चिरलेली) ह्यातलं घ्या. पेट्रा दिसायला सगळ्यात देखणं, रुंद पान आणि पिवळ्या शिरा, पुढे त्या शिरा केशरी-लाल होतात. पण पानं मोठी असतात, त्यामुळे जागा जास्त लागते.

रोप उचलताना मी हे करते:

पानं उलटी करून मागे बघते, कापसासारखं पांढरं काही किंवा बारीक जाळं दिसलं तर ते रोप नको. बुंध्याच्या खालच्या भागाला पानं आहेत का बघते, खाली नागडं आणि वर झुपका असेल तर आधीच उन्हाअभावी उंच झालेलं आहे. पिशवीच्या तळाशी मुळं डोकावली तर ठीक, पण मुळांनी पिशवीभोवती गोल फेरे मारले असतील तर दुसरं निवडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, दाबून बघते. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत चिकट लाल मातीत रोपं भरतात, पिशवीत मस्त दिसते, सुकली की विटेसारखी घट्ट होते आणि मग पाणी बाजूच्या फटीतून वाहून जातं, आत मूळ तहानलेलंच. तुमचा बिचारा क्रोटन मेला त्याचं कारण पुष्कळदा हेच.

लेबलवर "इम्पोर्टेड", "हायब्रिड", "लकी" असं लिहिलं तर हसून पुढे जा. मागच्या एका खरेदीत मला तिप्पट किंमत सांगितली होती, म्हणे थायलंडची जात आहे. तीच पानं समोरच्या कोपऱ्यात साध्या पिशवीत उभी होती.

तिथल्या मामांनी मला पैसे घेताना एकच वाक्य सांगितलं, "ताई, ह्याला नेल्यावर पंधरा दिवस विसरा." तेव्हा मी हसले होते.

४. सामान

फार काही नाही. ह्यातलं अर्धं घरात असतंच:

- रोपाच्या हुंडीपेक्षा दोन इंचांनी मोठी कुंडी, तळाला भोकं असलेली (मातीची असली तर उत्तम, प्लास्टिकची असेल तर भोकं चार-पाच तरी हवीत)
- लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत, जाडी वाळू किंवा परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे)
- निंबोळी पेंड, मूठभर
- सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, नसेल तर धारदार चाकू चालतो, पण बोथट नको
- रबरी हातमोजे
- झारी
- नीमतेल आणि थोडा पातळ साबण
- गुटी करायची असेल तर स्फॅग्नम मॉस म्हणजे शेवाळ, प्लास्टिकचा तुकडा, सुतळी, रूटिंग पावडर (मुळं लवकर फुटावीत म्हणून लावायची)

हातमोजे सोडू नका. फांदी तोडली की पांढरा चीक निघतो. बऱ्याच जणांना अंगाला खाज येते, डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, कपड्याला लागला तर तपकिरी डाग पडतो तो निघत नाही (माझा एक कुर्ता गेला). पानं-फांद्या चावून खाल्ल्या तर पोटाला त्रास होतो, त्यामुळे घरात रांगतं बाळ किंवा चावरा कुत्रा असेल तर वर ठेवा. खालच्या काकू म्हणाल्या "चिकाचं झाड दारात नको", मी बाल्कनीत ठेवलं, तो वाद तिथेच मिटला.

५. आणल्यावर पहिले पंधरा दिवस

आता मामांचं वाक्य. नवीन आणलेलं क्रोटन पानं गाळतं. एक-दोन नाही, कधी कधी अर्धी. नर्सरीत हिरव्या जाळीखाली दमट हवेत होतं ते, तुमच्या बाल्कनीत आलं तर वारा, ऊन, हवा सगळंच वेगळं. पानं गळणं म्हणजे मरणं नव्हे, झाड नव्या जागेचा हिशोब लावत असतं. इथेच सगळे पाणी ओततात, खत घालतात, कुंडी बदलतात, जागा बदलतात आणि मग मात्र खरंच मरतं.

करायचं काय: जिथे कायम ठेवणार तिथेच पण पहिले आठ दिवस थेट उन्हातून जरा आत ठेवा, मग रोज थोडं थोडं पुढे सरकवा. खत अजिबात नाही. पिशवीतून काढायचं नाही. पाणी फक्त माती सुकल्यावर.

झाड जिवंत आहे का अशी शंका आली तर नखाने बुंध्याला अगदी हलकं खरडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं लागलं तर खालच्या बाजूला आणखी एकदा खरडून बघा. माझ्या तिसऱ्या झाडाचीही एकदा चारच पानं राहिली होती, नखाने खरडलं तर हिरवं, गप्प बसले, तीन आठवड्यांनी टोकाला एक पिवळसर कोंब दिसला. तो तांदळाएवढा होता पण मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवला.

नवी पानं पहिल्यांदा पिवळट-हिरवी दिसतात, बऱ्याच जातींत रंग वयाबरोबर चढतो, त्यामुळे "हे लाल का नाही" म्हणून दुसऱ्याच दिवशी रडू नका.

६. कुंडी भरणं

पंधरा-वीस दिवसांनी झाड स्थिर झालं की पिशवीतून कुंडीत. मिश्रण माझं असं: लाल माती चार वाटे, भिजवून पिळलेलं कोकोपीट तीन, गांडूळखत दोन, जाडी वाळू किंवा परलाइट एक, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट आणली असेल तर एकदा पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्या, त्यात मीठ असतं. हातात घेऊन मूठ दाबा, मूठ उघडली की गोळा राहायला हवा आणि बोटाने टोचला की फुटायला हवा. नुसती काळी माती वापरू नका, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा.

तळाला मोठ्या खड्यांचा थर घालायची गरज नाही, निचरा त्याने वाढत नाही, उलट मुळांची जागा जाते. भोकावर एक फुटकं खापर ठेवलं की झालं.

हुंडीबद्दल पुन्हा सांगते कारण इथे गंमत आहे. चिकट मातीची हुंडी तशीच नवीन भुसभुशीत मिश्रणात बसवली तर पाणी नव्या मातीतून खाली जातं आणि जुनी गाठ कोरडीच राहते. म्हणून पिशवी कापल्यावर हुंडी बादलीभर पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा, माती मऊ झाली की हाताने बाहेरची बाजू अलगद कुरतडून काढा, साधारण एक तृतीयांश. मुळं तोडायची नाहीत, हुंडी फोडायची नाही, नुसती बाहेरची माती. पूर्ण धुवून काढायचा मोह होतो, पण क्रोटनला ते पचत नाही.

बुंधा आधी जेवढा मातीत होता तेवढाच ठेवा. काठापासून एक इंच जागा मोकळी ठेवा म्हणजे पाणी वाहून जात नाही. पुढची कुंडी दोन वर्षांनी, तीही जूनच्या आसपास.

७. पाणी

ह्यावर माझ्या दुसऱ्या झाडाचा बळी गेला, म्हणून सविस्तर.

बोटाचं पहिलं पेर मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलसर लागलं तर थांबा. एवढंच. "रोज एक तांब्या" हा नियम कुठल्याही घरात लागू नाही कारण मे महिन्यात ती कुंडी एका दिवसात सुकते आणि ऑगस्टमध्ये आठ दिवस ओली राहते. पाणी घालायचं तेव्हा मात्र मनापासून घालायचं, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. आणि खालच्या ताटलीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या, पावसाळ्यात तर ताटलीच काढून टाका.

चिन्हं ओळखा. तहान लागली की पानं सगळी एकदम खाली लोंबतात, चादर वाळत घातल्यासारखी, आणि पाणी घातलं की संध्याकाळपर्यंत पुन्हा ताठ उभी राहतात, बघणाऱ्याला जादू वाटते. जास्त पाणी झालं तर खालची पानं पिवळी होऊन गळतात, माती ओली असताना झाड मलूल दिसतं, बुंधा बोटाने दाबला तर मऊ लागतो. ही दोन्ही चिन्हं लांबून सारखी वाटतात, म्हणून लोंबकळलेलं दिसलं तर आधी माती चाचपा, तांब्या नंतर हातात घ्या.

कोरड्या हवेत पानांच्या कडा करपतात. पानांवर पाण्याचा फवारा मारला तर धूळ निघते, रंगही उजळतो, मी आठवड्यातून एकदा सकाळी मारते. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर मातीवर पांढरा थर जमतो, पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसायला लागतं. पावसाळ्यात दोन-तीन दिवस कुंडी मोकळ्या पावसात ठेवली की मातीतले क्षार धुवून जातात. बाकी दिवसांत जमेल तेव्हा गच्चीवरच्या पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.

थंडीत पाणी निम्मं. रात्री पारा १२-१३ अंशांच्या खाली जायला लागला तर कुंडी आतल्या बाजूला भिंतीजवळ घ्या आणि संध्याकाळी पाणी देऊ नका. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण ऑक्टोबर लागला की आपलं क्रोटन दक्षिणेच्या खिडकीत आत घेते. दरवर्षी थोडी पानं गळतातच, मे महिन्यात परत बाहेर जातं.

८. खत, पण हात आखडून

खताची घाई करणारे लोक मला फार भेटतात. फेब्रुवारी ते सप्टेंबर, वीसेक दिवसांनी एकदा, १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेली) पावडर एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम. माती आधी ओली असायला हवी. शिवाय तीन महिन्यांनी मूठभर गांडूळखत वरच्या मातीत खुरप्याने मिसळलं की पुरतं. थंडीत काही नाही. खत वाढवलं की हिरवी वाढ होते, रंग मागे पडतो, शिवाय पानांच्या कडा जळतात. शेणखत घालणार असाल तर चांगलं कुजलेलंच, ताजं नको, वास तर येतोच आणि मुळंही भाजतात.

९. छाटणी, नाहीतर झाड नुसतं उंच जातं

आटोपशीर झुडूप हवं असेल तर ही पायरी गाळू नका. छाटणीशिवाय क्रोटन एका काठीवर उंच वाढतं, खालची पानं गळतात आणि वर तुरा राहतो.

रोप सहा-आठ इंचांचं झालं, नवी पानं चालू झाली, की शेंडा खुडा. पानाच्या गाठीच्या जरा वर, चिमटीने किंवा सिकेटरने. मग त्याखालून दोन-तीन फांद्या फुटतात, त्यांचेही शेंडे पुढे एकदा खुडा. जोरदार छाटणी फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा जूनमध्ये करा, थंडीत नाही. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. जुनं, उंच, खाली नागडं झालेलं झाड असेल तर घाबरून एकदम सगळं कापू नका, आधी एक फांदी कापून बघा, खालून कोंब फुटला की पुढची.

चीक वाहायला लागला तर गार पाण्याचा बोळा लावा, थांबतो. फांदी कापल्यावर सिकेटर लगेच पुसा, वाळलेला चीक नंतर निघत नाही. बारीक, बिनमहत्त्वाची पांढरट फुलं येतात कधी कधी, तुऱ्यासारखी लोंबती, मी खुडून टाकते, ताकद पानांत जाऊ दे.

१०. कीड

तीन पाहुणे नेहमीचे. पिठ्या ढेकूण म्हणजे मिलीबग, पानाच्या बेचक्यात कापसाचे ठिपके दिसतात, मुंग्या वर-खाली करायला लागल्या तर समजा हे आलेत. खवले कीड, फांदीला तपकिरी टिकल्या चिकटल्यासारख्या. आणि लाल कोळी, कोरड्या उन्हाळ्यात, पानाखाली बारीक जाळं आणि वर फिकट ठिपके.

थोडे मिलीबग असतील तर कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून पुसा. जास्त असतील तर नीमतेल ५ मिली आणि साबणाचे चार-पाच थेंब एक लिटर पाण्यात ढवळून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालूनही, आठवड्याने पुन्हा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात, मला हे माहीत होतं तरी एकदा घाईत दुपारी केलं आणि मॅमीची सगळी टोकं तपकिरी झाली. लाल कोळी असेल तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवा. नवं झाड आणलं की आठ-दहा दिवस बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. मी ठेवलं नव्हतं, मिलीबग जास्वंदीवर गेले आणि तिथून ते काढायला मला पूर्ण पावसाळा लागला.

११. गुटी, म्हणजे एकाचं अनेक

बिया पेरू नका, रोपं आईसारखी येत नाहीत. गुटी सगळ्यात भरवशाची, आणि पावसाळ्यात करा.

पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडा. टोकापासून साधारण एक फूट खाली एक इंच रुंदीची साल गोल काढा, आतलं हिरवट चिकट पुसून पांढरं लाकूड दिसेपर्यंत खरवडा. हे राहिलं तर साल परत जुळते आणि मूळ येत नाही, माझी पहिली गुटी ह्याच कारणाने फसली. वरच्या कडेला रूटिंग पावडर लावा. शेवाळ पाण्यात भिजवून घट्ट पिळा, लिंबाएवढ्या मोठ्या गोळ्यात ती जागा गुंडाळा, वर पारदर्शक प्लास्टिक आणि दोन्ही टोकांना सुतळी. पिळून झाल्यावर पाणी ठिबकता कामा नये, जास्त ओलं राहिलं की कुजतं.

चार ते सहा आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. थोडी तपकिरी होऊन भरगच्च झाली की खालून कापा, प्लास्टिक काढा, शेवाळ तसंच राहू द्या, छोट्या कुंडीत लावा आणि पंधरा दिवस सावलीत ठेवा. वरची मोठी पानं निम्मी कातरली तर कमी सुकतं.

छाट कलमही होतं, चार-सहा इंचांची फांदी, चीक पाण्यात धुऊन, खालची पानं काढून, ओल्या कोकोपीटमध्ये, वर प्लास्टिकची पिशवी उलटी. माझी दहातली पाच लागतात, गुटीच्या तुलनेत कमीच.

गुटी कापल्यावर आईच्या फांदीवर कापलेला खुंट दिसतो, तो वाईट दिसत असेल तर खालच्या पानाच्या गाठीवर कापून टाका, तिथूनच नवे कोंब फुटतात. मी मागच्या जुलैत दोन गुट्या कापल्या होत्या आणि सप्टेंबरपर्यंत त्या जागी तीन फांद्या आल्या, आणि आता झाड पहिल्यापेक्षा बुटकं दिसतंय. कापलेली गुटी नेताना कोणाला द्यायची असेल तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्या, आणि चिकाचं सांगायला विसरू नका.